रुग्णसेवेत असणाऱ्यांची स्वतःची काळजी आणि कामाबाहेरचे आयुष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, कामोठे या पट्ट्यात काम करणारे डॉक्टर, परिचारिका, ब्रदर (पुरुष परिचारक), तंत्रज्ञ आणि आशाताई यांच्याशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी गेली २२ वर्षे ठाण्यात फिजिशियन म्हणून काम करते. रुग्णसेवा करणाऱ्याची झोप, जेवण आणि सुट्टी हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे, आणि तो कोणा एकाच्या मनोनिग्रहावर न सोडता रोस्टरमध्ये (पाळ्यांच्या तक्त्यात), दवाखान्याच्या पाटीवर आणि घरच्या वेळापत्रकात लिहिलेला असावा, या ठाम मतातून ही उत्तरे लिहिली आहेत.

नेहमीचा थकवा आणि बर्नआउट यांत फरक कसा ओळखायचा?

थकवा विश्रांतीने उतरतो. सलग दोन दिवस सुट्टी मिळाली, पोटभर झोप झाली आणि तिसऱ्या दिवशी ओपीडीत बसताना मन ताजे वाटले, तर तो थकवा होता. बर्नआउटमध्ये आठ दिवस गावी राहून आल्यावरही रुग्णालयाचे फाटक दिसताच पोटात गोळा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून निर्माण होणारी स्थिती, असे तिचे वर्णन आहे. तिची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती पार संपल्याची भावना, कामाबद्दल मनात आलेला दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यांतले दुसरे लक्षण मला सर्वांत काळजीचे वाटते, कारण ते स्वतःला दिसत नाही. कालपर्यंत ज्यांना आपण ‘आजी’ म्हणत होतो, त्या ‘सात नंबरची पेशंट’ होतात, त्यांच्या मुलाने तिसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाने डोके भणभणते, आणि यात काही बदलले आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. ते बहुधा सोबतच्या सिस्टरच्या लक्षात येते. तिने सांगितले तर राग मानू नये.

नैराश्य मात्र वेगळे आहे. ते कामापुरते राहत नाही. घरी, सणावारी, मुलांसोबत असतानाही मन रमत नाही. सलग दोन आठवडे उदासी, कशातही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, असे चालले असेल तर त्याला उपचार लागतात. केवळ सुट्टीने ते बरे होईल या भरवशावर राहू नये.

आधी रुग्ण, मग आपण, असेच आम्हाला शिकवले. मग स्वतःचा विचार करणे हा स्वार्थ नाही का?

नाही. डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत ऑक्टोबर २०१७ मध्ये जी सुधारणा झाली, तिच्यात हेच स्पष्ट केले आहे : उत्तम दर्जाची सेवा देता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या आरोग्याकडे, स्वास्थ्याकडे आणि क्षमतांकडे लक्ष देईन, अशा आशयाचे वाक्य आता त्या प्रतिज्ञेचा भाग आहे. म्हणजे ज्या प्रतिज्ञेच्या आधारे आपण स्वतःला झिजवत आलो, तीच आता स्वतःला जपायला सांगते.

नाइट ड्यूटीत झोपेचे गणित कसे बसवावे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देते.

आपल्या शरीराचे घड्याळ उजेडावर चालते आणि ते तीन-चार रात्रींत उलटे फिरत नाही. पहाटे साधारण तीन ते पाच या वेळेत सावधपणा सर्वांत कमी असतो. त्यामुळे इन्सुलिन, हेपारिन (रक्त पातळ ठेवणारे औषध), पोटॅशियम यांच्या मात्रांचे हिशेब त्या वेळेत एकट्याने करू नयेत; दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावेत. यात कमीपणा काहीच नाही.

पहिल्या नाइटच्या आधी दुपारी दीड तास तरी झोप घ्यावी. ड्यूटीवर शक्य असेल आणि सोबतची व्यक्ती लक्ष ठेवणार असेल, तर वीस मिनिटांची डुलकी फार उपयोगी पडते; मात्र उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे मेंदू अर्धवट झोपेतच असतो, हे लक्षात ठेवून तेवढ्या वेळात औषधाचे प्रमाण ठरवू नये. शेवटचा चहा किंवा कॉफी रात्री दोनच्या सुमारास घ्यावी. कॅफिनचा निम्मा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पाच वाजता घेतलेला कडक चहा सकाळी दहा वाजता बिछान्यात आपल्याला जागे ठेवतो.

खरी अडचण घरी पोहोचल्यावर सुरू होते. सकाळी नऊ ते एक ही सोसायटीतली सर्वांत गजबजलेली वेळ असते : कचरावाला, कुरियर, पाण्याचा टँकर, शेजारचे ड्रिल मशीन. ‘नाइट करून आले आहे, एक वाजेपर्यंत बेल वाजवू नये’ असा कागद दारावर लावायला माझ्या ओळखीच्या एका सिस्टरला आधी संकोच वाटत होता. तिने तो लावला, वॉचमनलाही सांगून ठेवले, आणि महिन्याभरात शेजारणीच कुरियर ठेवून घेऊ लागल्या. जाड गडद पडदा, पंख्याचा एकसुरी आवाज आणि फोन दुसऱ्या खोलीत, एवढ्यावर बरेच साधते. नाइटची शेवटची पाळी संपल्यावर मात्र सकाळी दोन-तीन तासच झोपावे आणि त्या रात्री लवकर आडवे व्हावे, म्हणजे घड्याळ पुन्हा जागेवर येते.

यापुढची जबाबदारी रोस्टर लावणाऱ्यांची आहे. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट या क्रमाने पाळ्या बदलल्या तर शरीराला ते जुळवून घेणे सोपे जाते; उलट्या क्रमाने अवघड जाते. आणि इव्हिनिंगला जोडून मॉर्निंग लावणे हे मी चूकच मानते. बदलापूरला राहणाऱ्या सिस्टरची पाळी ठाण्यात रात्री नऊला संपली, तर ती अकराच्या सुमारास घरी पोहोचते, आणि सकाळी सातच्या ड्यूटीसाठी तिला पाचनंतर लगेच निघावे लागते. तिला झोपायला किती वेळ उरला, याचा हिशेब मेट्रनबाईंनी (परिचारिकांच्या प्रमुखांनी) रोस्टरवर सही करण्यापूर्वी एकदा मांडून पाहावा.

नाइट किंवा चोवीस तासांची ड्यूटी संपवून स्वतः गाडी चालवत घरी जावे का?

जाऊ नये. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्याकडे वाहन चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेता आपण त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत स्टिअरिंग धरतो.

हे मी अनुभवाने सांगते आहे. रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेत रुग्णालयात काम करणारी डॉक्टर) असताना ३० तासांहून अधिक ड्यूटी करून घोडबंदर रोडने परतताना पातलीपाड्याजवळ माझा डोळा लागला आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. सकाळची वेळ होती, पुढे शाळेची बस होती, आणि ती थोडी पुढे गेलेली होती एवढ्यामुळेच अनर्थ टळला. त्या दिवसापासून नाइटनंतर मी गाडी चालवलेली नाही.

आपल्याकडे एक सोय आहे : सकाळची गर्दी मुंबईकडे असते, त्यामुळे ठाण्याहून डोंबिवली-अंबरनाथकडे जाणाऱ्यांना बसायला जागा मिळते, वाशीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याकडे येतानाही तसेच. बसल्या बसल्या झोप लागून स्टेशन मागे पडू नये म्हणून फोनवर गजर लावावा. ज्यांना पाम बीच रोडने किंवा घोडबंदरने जाण्यावाचून पर्याय नाही, त्यांनी ड्यूटीरूममध्ये अर्धा तास झोपून, तोंड धुऊन, थोडे चालून मगच निघावे. त्यापेक्षा बरे म्हणजे तिघा-चौघांनी मिळून रिक्षा किंवा टॅक्सी ठरवावी.

ड्यूटीवर जेवायला, पाणी प्यायला, लघवीला जायलाही वेळ मिळत नाही. काय करावे?

एकमेकींना ‘सोडण्याची’ पद्धत वॉर्डात ठरवून घ्यावी : दहा मिनिटे मी तुमचे बेड पाहते, मग तुम्ही माझे पाहा. लघवी दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग, तासन्‌तास उभे राहण्याने पायांच्या फुगलेल्या शिरा आणि वाकून बेड सरकवण्याने कंबर, या तीन तक्रारी परिचारिकांमध्ये मी सतत पाहते. डबा उघडायला वेळ मिळणार नाही हे माहीत असेल तर शेंगदाण्याचा लाडू, केळे, उकडलेले अंडे असे उभ्याउभ्या खाता येण्याजोगे काही जवळ ठेवावे. कँटीनमधल्या वडापाववर पूर्ण पाळी काढणे महिनाभर जमते, वर्षानुवर्षे जमत नाही.

घरी पोहोचल्यावरही वॉर्ड डोक्यातून जात नाही. तो तिथेच कसा ठेवावा?

डोक्यात राहतात ती बहुतेक वेळा अर्धवट सुटलेली कामे असतात. म्हणून ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीकडे कामाची सोपवणी, नीट देणे हाच पहिला उपाय आहे. कोणत्या रुग्णाचा कोणता रिपोर्ट यायचा आहे, कोणाच्या नातेवाइकांशी बोलायचे राहिले आहे, रात्री कशावर लक्ष ठेवायचे, हे लिहून आणि तोंडी सांगून दिले की मन ते सोडून द्यायला तयार होते. घाईघाईत ‘सगळे ठीक आहे’ म्हणून निघालेल्या दिवशीच रात्री अकरा वाजता आठवते की बारा नंबरचे सोडियम पाहायचे राहिले.

दुसरा उपाय म्हणजे मधला टप्पा. गणवेश बदलणे, हात-पाय धुणे, मासुंदा तलावाच्या कडेने किंवा वाशीच्या सागर विहारपाशी दहा मिनिटे चालून मग घरी जाणे. घरी गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे कोणी काही विचारू नये, एवढी विनंती घरच्यांना आधीच, शांत असताना करून ठेवावी. चिडलेल्या क्षणी केलेली तीच विनंती भांडणासारखी ऐकू येते.

रुग्ण रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवतात आणि लगेच उत्तर मागतात. नकार देता येतो का?

येतो. २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार संदेशावरून दिलेला सल्लाही वैद्यकीय सल्लाच ठरतो. त्याची नोंद ठेवावी लागते, त्याची फी घेता येते, आणि दूरून सल्ला देणे योग्य आहे की रुग्णाला प्रत्यक्ष तपासणे आवश्यक आहे, हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. ‘जरा बघून सांगा ना’ या चार शब्दांत पूर्ण जबाबदारी येते, हे बरेच डॉक्टर विसरतात.

कामाचा फोन क्रमांक वेगळा ठेवावा आणि त्यावर आपोआप जाणारा संदेश लावावा. माझा असा आहे : ‘नमस्कार. या क्रमांकावरचे संदेश मी सकाळी १० ते ११ आणि संध्याकाळी ६ ते ७ या वेळेत वाचते. छातीत दुखणे, धाप लागणे, बेशुद्धी, झटके किंवा रक्तस्राव असेल तर उत्तराची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात जावे किंवा १०८ ला फोन करावा.’ हा संदेश लावल्यावर रुग्ण दुरावतील अशी भीती मलाही होती. झाले असे की संदेश कमी झाले आणि नेमके झाले.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांनाही हेच लागू आहे. ‘उद्या दवाखान्यात या, नीट तपासून सांगते,’ हे उत्तर विचारणाऱ्याच्याही हिताचे आहे.

स्वतःचा दवाखाना असताना सुट्टी घेतली तर रुग्ण दुसरीकडे जातील. यावर उपाय?

काही जातील, त्यांतले बरेच परत येतील, आणि त्या दिवसांचे उत्पन्न बुडेल. हा खर्च खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. म्हणूनच वर्षाच्या सुरुवातीला सुट्टीचे दिवस ठरवून तो हिशेबात धरावा. आपल्या भागात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आणि काविळीमुळे दवाखाने ओसंडून वाहतात. त्या काळात मोठी सुट्टी जमत नाही, मात्र गणपतीचे दोन दिवस आणि आठवड्यातली एक संध्याकाळ नक्की जमते. मोठी सुट्टी दिवाळीनंतर घ्यावी.

दोन-तीन शेजारच्या डॉक्टरांनी एकमेकांचे रुग्ण सांभाळण्याचा करार करावा : तुमच्या सुट्टीत मी, माझ्या सुट्टीत तुम्ही, आणि रुग्ण परत पाठवण्याचा शब्द. कोपरखैरण्यात आणि कळव्यात असे गट मी जवळून पाहिले आहेत. त्यात स्पर्धेची भीती सुरुवातीला असते आणि पहिल्या आजारपणात ती जाते.

रेसिडेंट डॉक्टरांच्या कामाच्या तासांना काही मर्यादा आहे का?

कागदावर आहे. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत साधारण १२ तासांची पाळी आणि आठवड्याला ४८ तास असा उल्लेख आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत वाजवी कामाचे तास, विश्रांतीला वाजवी वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा यांची तरतूद आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आयोगाने नेमलेल्या कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात काय चालते हे प्रत्येक रेसिडेंटला ठाऊक आहे. माझा सल्ला इतकाच की, तासांची नोंद रोज स्वतःच्या वहीत करावी आणि तक्रार एकट्याने न करता संघटनेमार्फत करावी. ‘आम्हीही असेच घासलो’ असे सांगणाऱ्या वरिष्ठांना माझी नम्र विनंती आहे की, त्यांनी त्या वर्षांत स्वतःच्या हातून झालेल्या चुकाही आठवून पाहाव्यात.

रुग्ण दगावला, किंवा माझ्या हातून चूक झाली, आणि ते मनातून जात नाही. हे स्वाभाविक आहे का?

होय. झोप न लागणे, प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणे, पुन्हा तीच प्रक्रिया करताना हात थरथरणे, हे अनेकांच्या वाट्याला येते. अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली अशा सेवकांसाठी ‘दुसरा बळी’ ही संज्ञा वापरली. ती काही रुग्णकुटुंबांना खटकते, आणि ते मला समजते. पहिले दुःख त्यांचेच असते. तरीही ज्याच्या हातून चूक झाली त्याला एकटे सोडल्याने कोणाचेच भले होत नाही.

पहिल्या दोन दिवसांत तीन गोष्टी पाळाव्यात. घडलेले जसेच्या तसे वरिष्ठांना सांगावे. केसपेपरमधली नोंद कधीही बदलू नये. राहिलेली नोंद आजची तारीख आणि वेळ घालून वेगळी करावी. आणि त्या रात्री एकटे राहू नये. सहकाऱ्यांनी ‘जाऊ दे, होते असे’ म्हणून विषय मिटवण्याची घाई करू नये. ‘काय झाले ते सांग, मी ऐकतो,’ एवढे म्हणून शेजारी बसणे अधिक उपयोगी ठरते.

नातेवाइकांनी शिवीगाळ किंवा मारहाण केली तर?

आधी स्वतःला सुरक्षित जागी न्यावे, वाद जिंकण्याचा प्रयत्न करू नये. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचारासाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. परिचारिका, विद्यार्थी आणि इतर कर्मचारीही त्यात येतात. तक्रार संस्थेने द्यावी असा आग्रह धरावा, म्हणजे ती एकट्या सिस्टरच्या नावावर पडत नाही. आणि त्याच दिवशी तिला पुन्हा त्याच वॉर्डात उभे करू नये.

ड्यूटी संपली की घरची दुसरी ड्यूटी सुरू होते. यातून वाट कशी काढावी?

हा प्रश्न मला जवळजवळ नेहमी स्त्रियाच विचारतात. म्हणून उत्तराचा अर्धा भाग त्यांच्या घरच्यांसाठी आहे. नाइट करून आलेली सून किंवा पत्नी दिवसा झोपलेली दिसते, म्हणून ती ‘घरीच आहे’ असे धरले जाते आणि गॅस सिलिंडरपासून शाळेच्या सभेपर्यंत सगळे तिच्याकडे येते. रात्री बारा तास उभी राहिलेली ती व्यक्ती दिवसा तिची रात्र झोपते आहे. महिन्याचा रोस्टर फ्रिजवर लावावा, आणि नाइटच्या आठवड्यात डबे, मुलांचा अभ्यास आणि भाजी कोणी पाहायची ते त्यावरच लिहावे. सासूबाईंना हे मुलाने समजावून सांगावे. ते काम सुनेवर टाकू नये.

कायद्याने मिळणारे घ्यावे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. आपल्या रुग्णालयात ते आहे का, हे विचारायला हरकत नाही.

आम्ही स्वतःच औषध घेतो; वेगळा डॉक्टर कशाला हवा?

कारण स्वतःच्या छातीत दुखले की आपण त्याला ‘ॲसिडिटी’ म्हणतो. डॉक्टरांनीही स्वतःचा डॉक्टर ठरवावा आणि त्याच्याकडे रांगेत बसून, फाइल घेऊन जावे. झोपेच्या गोळ्या आणि वेदनाशामके स्वतःच्या हाताने कधीही सुरू करू नयेत. औषधांचे कपाट जवळ असणे हाच आपला मोठा धोका आहे.

हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा पूर्ण करून महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासावी. ती १० mIU/ml च्या वर असावी. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ड्यूटी संपेपर्यंत थांबू नये.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तर रुग्णालयात कळेल, नोकरीवर परिणाम होईल, अशी भीती वाटते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर ती मालकाला देता येत नाही. ओळखीचे कोणी भेटेल असा संकोच असेल तर ठाणेकरांनी मुलुंडला आणि वाशीकरांनी ठाण्याला जावे, किंवा ऑनलाइन सल्ला घ्यावा. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून काम करते आहे. मदत दूर नाही. टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

जगू नये असे विचार येत असतील तर आजच, आत्ता, कोणाला तरी त्याच शब्दांत सांगावे, त्या व्यक्तीला सोबत थांबायला सांगावे आणि औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. सहकारी गप्प गप्प झाला असेल तर त्याला थेट विचारावे. विचारल्याने असे विचार डोक्यात भरवले जात नाहीत. बोलायला वाट मिळते.

योग, ध्यान, व्यायाम यांनी फायदा होतो का?

होतो. येऊरला पहाटे चालणे, खारघरच्या टेकड्या, घरातल्या घरात प्राणायाम, जे आवडेल ते करावे. मात्र कर्मचारी अपुरे ठेवून ध्यानाचे शिबिर भरवणाऱ्या व्यवस्थापनाला ‘आधी वॉर्डात एक सिस्टर वाढवा’ असे सांगण्यात काही गैर नाही.

हे सगळे एकदम जमणार नाही. व्यवस्थापनाकडे सुरुवातीला काय मागावे?

एकच गोष्ट मागायची असेल तर नाइटच्या फेरीनंतर सलग दोन दिवस सुट्टी मागावी, आणि इव्हिनिंगला जोडून मॉर्निंग लावू नये असे लिहून घ्यावे. याला जादा पैसा फारसा लागत नाही, रोस्टर पुन्हा मांडावा लागतो. त्यामुळे नकार देणे कठीण जाते. अर्जात ‘आम्ही दमतो’ असे न लिहिता गेल्या तीन महिन्यांत पहाटे झालेल्या आणि होता होता टळलेल्या औषधांच्या चुका, नावे न घेता, मांडाव्यात. पुढच्या महिन्याचा रोस्टर लागण्याच्या आठवडाभर आधी हा अर्ज मेट्रनबाईंच्या हाती पडावा, त्यावर वॉर्डातल्या सगळ्यांच्या सह्या असाव्यात, आणि पोच घेतलेली एक प्रत आपल्याकडे ठेवावी.